घंटा थांबल्यावर

एदुर्नेचं पत्र येऊन तीन वर्षं होत आली होती आणि बाल्बिनो मास्तरांनी त्याला उत्तर लिहिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात, जिथे कुणी हात घालणार नाही अशा ठिकाणी ठेवलेलं होतं. मास्तर दुसरा खंड उघडायचेच टाळायचे. एखाद्या शब्दाचा अर्थ त्या खंडात असला, तर तो शब्द अडलाच नाही असं स्वतःला समजावून पुढे वाचायचे.

पाकिटावर नाव नव्हतं. 'डोंगरातल्या सायकलवाटेचं पत्रक ज्यांनी लिहिलं त्यांना, तोर्देमोरा ग्रामपंचायत' एवढंच होतं. सरपंचबाईंनी ते आणून दिलं तेव्हा विचारलं, "कुणाचं हो, मास्तर?"

"तोलोसा शहरातून आलंय. वाटेबद्दल काही विचारलंय," मास्तर म्हणाले होते. खोटं नव्हतं ते.

तोर्देमोरात हिवाळ्यात सात माणसं राहतात. उन्हाळ्यात साठ होतात, नोव्हेंबर लागला की पुन्हा सात. पंचायतीला वाटलं, सायकलवाले आले तर गावाला थोडी जाग येईल. म्हणून जुन्या मेंढवाटेवर खांब ठोकले, पिवळ्या खुणा केल्या, आणि वाटेवरच्या जुन्या वास्तूंची माहिती लिहायचं काम मास्तरांकडे आलं. दुसरं कोण लिहिणार? तीस वर्षं तीन गावांच्या शाळांमध्ये सायकलीवरून जाऊन शिकवणारा माणूस. प्रत्येक दगड त्यांच्या ओळखीचा. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी जाड टायरची, एकवीस गिअरची जुनी सायकल विकत घेतली आणि अख्खी वाट तीनदा पालथी घातली. त्यांची थोरली बहीण निकानोरा दारात उभी राहून ओरडायची, "अरे, त्या आखूड चड्डीत तू किती भयंकर दिसतोस ते मेंढ्यांना तरी विचार!"

पत्रकात प्रत्येक जागेला आठ ओळी मिळाल्या होत्या. रोमनांचा मैलाचा दगड, अरबी मूर राजांच्या काळातला गोल बुरूज, आणि वाटेच्या माथ्यावरचं सान्ता कोलोमाचं छोटं चर्च, ज्याच्या ओसरीला आठशे वर्षांपूर्वीचे जोडखांब आहेत. चर्चच्या आठ ओळींत शेवटी मास्तरांनी एक वाक्य घातलं होतं आणि त्या वाक्याचा त्यांना तेव्हा मोठा अभिमान वाटला होता. 'धुकं उतरलं आणि कुणी हरवलं, तर पूर्वीचे लोक ही घंटा वाजवत: एक ठोका, थोडं थांबून दोन ठोके, पुन्हा एक. तो आवाज ऐकून खालच्या गावातून माणसं निघत.'

एदुर्नेला घंटेचं हे सगळं पत्रकातूनच कळलं होतं. पत्रात तिने लिहिलं होतं:

'तुम्ही सांगितलं तसंच मी केलं. माझा नवरा होसु बुरूज बघून दहा मिनिटांत येतो म्हणून सायकलवरून गेला आणि धुकं आलं. मी पाऊण तास दोर ओढत होते. मग खालून माणसांचे आवाज आले. ते आवाज कुठून येतायत ते नीट कळावं, मला ओ देता यावी, म्हणून मी घंटा थांबवली. एक कुत्रा भुंकला, कुणीतरी हसलंही, आणि माणसं परत फिरली. मी ओरडले, पण माझा घसा बसलेला होता. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण इतक्या जवळ आलेली माणसं परत का गेली, हे मला कुणी सांगितलेलं नाही. रात्री मी तेवढंच विचारत बसते. तुम्ही त्या भागातले जाणकार दिसता. तुम्हाला ठाऊक असलं तर कळवा.'

मास्तरांना ठाऊक होतं. तोर्देमोरातल्या सातही जणांना ठाऊक होतं.

हरवलेल्यासाठी घंटा सुरू केली की ती बंद करायची नसते. हात थकले तर दुसरा माणूस दोर धरतो. हरवलेलं माणूस हाती लागलं की मगच घंटा थांबते, म्हणजे डोंगरात विखुरलेल्या सगळ्यांना कळतं: सापडलं, चला घरी. हे तिथल्या कुणाला शिकवावं लागत नाही. पत्रक लिहिताना मास्तरांना ते लिहावंसं सुचलंही नाही, जसं दाराबद्दल लिहिताना 'ढकललं की उघडतं' असं कुणी लिहीत नाही.

त्या दुपारी घंटा ऐकून तिघं निघाले होते: मास्तर, मेंढपाळ ओनोरातो आणि पाववाला क्लेतो. चर्चच्या थोडं अलीकडच्या दगडी क्रूसापाशी पोचले आणि घंटा थांबली. ओनोरातोने लगेच काठी टेकली आणि सिगारेट पेटवली. "सापडला. माझी सूपाची वाटी वाट बघतेय." क्लेतो हसला. कुत्रा भुंकला. तिघं वळले.

एदुर्ने काळोख पडल्यावर सायकल ढकलत गावात आली. तेव्हा काय झालं ते सगळ्यांना कळलं, पण तिला कुणी सांगितलं नाही. कंदील घेऊन माणसं पुन्हा वर गेली, पोलीस आले. होसु सकाळी सापडला, बुरुजाखालच्या घळीत, पाय मोडलेला. पहाटेपर्यंत जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. ती निकानोराच्या स्वयंपाकघरात बसलेली होती, दोन्ही तळहातांना फडकी गुंडाळून. दोराने कातडं सोलून निघालं होतं. मास्तर शेजारच्या खोलीत पुस्तकांत होते. मधलं दार त्यांनी उघडलं नाही.

पुढे पत्र आलं तेव्हा त्यांनी ते फक्त बहिणीला वाचून दाखवलं. निकानोरा बराच वेळ मसूर निवडत राहिली. मग म्हणाली, "नको लिहूस काही."

"ती विचारतेय, निका."

"काय सांगशील? बाई, तूच घंटा थांबवलीस म्हणून तुझा नवरा गेला? आज ती आपल्याला शिव्या देत झोपत असेल. देऊ दे. आपण सात आहोत, वाटून घेऊ. तू हे सांगितलंस तर ती एकटी पडेल."

हे मास्तरांना पटलं होतं. किंवा पटलं म्हणून त्यांनी हायसं वाटून घेतलं होतं. यातलं कोणतं खरं, हे त्यांना तीन वर्षांत ठरवता आलं नाही. पंचायतीने घंटेचा दोर काढून टाकला, पत्रकं परत मागवली, आणि मास्तरांनी सायकल सपाट रस्त्यापुरती ठेवली.

पण पुढच्या नोव्हेंबरात, धुक्याच्या एका दुपारी, घंटा वाजली. एक. मग दोन. त्याच्या पुढच्या वर्षीही. त्या दिवसांत गावातल्या खिडक्या लवकर बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला जमलेली माणसं पावाबद्दलच बोलली.

तिसऱ्या वर्षी ती वाजली तेव्हा बहीणभाऊ जेवत होते. निकानोराने रेडिओचा आवाज वाढवला.

"वारा आहे," ती म्हणाली.

"धुकं पडलंय. वारा कुठला?"

"मग कावळे असतील. जेव."

"कावळ्यांना मोजता येतं का, निका? एक, दोन. एक, दोन."

"बाल्बिनो." तिने चमचा खाली ठेवला. "तू चौऱ्याहत्तर वर्षांचा आहेस आणि तुला जिना उतरताना कठडा लागतो."

मास्तर उठले. का उठले, हे त्यांना पुढे पत्रात नीट लिहिता आलं नाही. ताटातले मसूर अर्धे राहिले होते आणि बाहेरचा आवाज थांबत नव्हता, एवढंच. पडवीतून त्यांनी सायकल काढली, टायर दाबून पाहिले, मागचा मऊ होता म्हणून पंपाने हवा भरली. निकानोरा दारात आली. या वेळी ती चड्डीवरून काही बोलली नाही. त्यांच्या गळ्याभोवती तिने स्वतःची लोकरीची शाल दोन वेढे घालून बांधली, आणि गाठ जरा जास्तच आवळली.

गावाबाहेर मेंढ्यांच्या वाड्यापाशी ओनोरातो उभा होता. त्याचा कुत्रा भिंतीला अंग घासत कुंथत होता.

"कुठे निघालात, मास्तर?"

"वर."

"वर दोर नाहीये. मीच कापला ना तो, माझ्या या हातांनी."

"माहीत आहे."

"मग वाजवतंय कोण? आणि कशानं?"

"तेच बघायला चाललोय. येतोस?"

ओनोरातोने धुक्याकडे पाहिलं, मग सायकलीकडे. "मला दोन चाकांवर बसता येत नाही," तो म्हणाला. "आणि चार पायांवरचा हा भित्रा हलायला तयार नाही. तुम्ही जा. पुस्तकवाल्यांना भुतं ओळखतात म्हणे, काही करत नाहीत." तो हसला, पण हसू तोंडातच राहिलं. थोडं पुढे गेल्यावर मागून त्याची हाक आली, "मास्तर! मी इथेच थांबतो. तुम्ही येईपर्यंत इथनं हलत नाही!"

चढ सुरू झाला. मास्तरांनी सगळ्यात हलका गिअर टाकला. चाकांखाली खडी करकरत होती. दोन्ही बाजूंच्या दगडी कुंपणाच्या भिंती चार हातांवर येऊन दिसायच्या आणि मागे विरघळून जायच्या. मैलाचा दगड गेला. जुनिपरच्या झाडांवरून थेंब पडत होते. घंटा वाजतच होती आणि तिचा आवाज एकाच दिशेने येत नव्हता. कधी समोरून, कधी खालच्या दरीतून, एकदा तर अगदी मानेमागून. मास्तर तीनदा उतरले, श्वास घेतला, पुन्हा बसले. पिवळी खूण केलेला खांब दिसला की त्यांना एखादा माणूस भेटल्यासारखं वाटत होतं.

दगडी क्रूसापाशी ते पोचले आणि घंटा थांबली.

त्याच क्षणी त्यांचे पाय थांबले. ब्रेक दाबल्याचं त्यांना आठवत नव्हतं. अंगातला ताण सैल झाला, खांदे उतरले, आणि मनात अगदी सहज आलं: सापडला. चला घरी. सायकलीचं पुढचं चाक त्यांनी वळवलंही होतं, उताराकडे.

मग त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

ते क्रूसाला हात टेकून उभे राहिले. इथेच उभे होते ते तेव्हाही. आणि तीन वर्षं ज्या गोष्टीपाशी ते जात नव्हते, ती इथे, ओल्या दगडाजवळ, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. त्या दिवशी घंटा थांबल्यावर त्यांनी मनातल्या मनात माणसं मोजली होती. शाळामास्तराची सवय. आपण तिघं इथे. निका घरी, सरपंचबाई घरी, दोघी म्हाताऱ्या चुलीपाशी. सात. मग वर घंटेशी कोण आहे? आपल्यापैकी कुणी नाही. म्हणजे परकं माणूस आहे. म्हणजे पत्रक वाचलेलं माणूस आहे. आणि पत्रकात थांबण्याबद्दल काहीच नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्यांनी बोलायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ओनोरातो म्हणाला होता, "काय मास्तर, आता पुस्तकात बघून खात्री करायचीय का?" आणि क्लेतो हसला होता. मास्तरांनी तोंड मिटलं होतं. दोन माणसं हसतील म्हणून.

एदुर्नेने ऐकलेलं हसणं ते हे.

समोर धुक्यात काहीतरी टिकटिकलं. मास्तरांनी कान दिले. पेडल न मारता सायकल सोडली की मागचं चाक जो आवाज करतं, तो. बारीक, भरभर, धातूचा. स्वतःची सायकल तर क्रूसाला टेकून स्थिर होती. त्यांनी चाकावर हात ठेवून खात्री केली. आवाज वरच्या अंगाने पुढे सरकत होता, चढावर, जिथे कुणाचीही सायकल पेडल मारल्याशिवाय जाणार नाही.

"कोण आहे?" मास्तरांनी हाक मारली. त्यांचा आवाज पातळ निघाला, वर्गात पहिल्या दिवशी निघायचा तसा.

टिकटिक थोडी मंदावली, थांबली नाही.

मास्तर सायकलीवर बसले आणि तिच्या मागे गेले. डावीकडे बुरुजाचा गोल काळा आकार धुक्यातून वर आला. त्याच्याखाली घळ होती. टिकटिक घळीच्या काठापर्यंत गेली, तिथे हळूहळू सुटी झाली, टिक, टिक, मग बराच वेळ काही नाही, मग शेवटची एक. फिरतं चाक थांबावं तशी.

काठावर जाऊन मास्तरांनी खाली पाहिलं. धुकं, दगड, ओलं गवत. कुणी नव्हतं.

पुढे चर्चची ओसरी दिसली. त्यांनी घड्याळ पाहिलं. क्रूसापासून इथपर्यंत चार मिनिटं. सत्तरी उलटलेल्या माणसाची, चढावरची चार मिनिटं. चालत दहा लागली असती.

ओसरीच्या फरशीवर ओल्या चाकांची एकच रेघ होती, त्यांची स्वतःची. जोडखांबांच्या मध्ये कुणी बसलेलं नव्हतं. बाजूच्या दगडी पायऱ्यांनी ते भिंतीला धरून वर चढले, घंटा टांगलेल्या कमानीपर्यंत. दोर नव्हता, घंटेच्या आत लोंबणाऱ्या लोळाच्या कडीत ओनोरातोने कापलेलं वीतभर टोक तेवढं होतं. कमानीच्या लोखंडी पट्टीखाली, खिळ्यांच्या डोक्यांवर, कठड्यावर, सगळीकडे धुक्याचे थेंब लोंबत होते. घंटेच्या कडेला मात्र एकही थेंब नव्हता. ती कोरडी नव्हती, ओली होती, पण तिच्या काठावरचे थेंब कुणीतरी झटकून टाकल्यासारखे गेलेले होते. मास्तरांनी तळहात टेकवला. धातू गार होता. आत खोल कुठेतरी काही थरथरतंय असं त्यांना वाटलं.

मग, तीन वर्षांपूर्वी क्रूसापाशी जे बोलायचं होतं, ते मोठ्याने म्हणाले.

"घंटा वाजवणारं माणूस आपल्यातलं नाही. त्याला माहीत नसेल. आपण वर जाऊन बघू या."

खाली ओसरी, तिच्यापलीकडे घळ, बुरूज. कुणी हसलं नाही. फक्त धुकं त्यांच्या चष्म्यावर जमत राहिलं, आणि ते पुसायला त्यांच्याकडे निकानोराच्या शालीचं टोक होतं.

ओनोरातो खरंच हलला नव्हता. उतारावरून ब्रेक करकरवत मास्तर आले तेव्हा तो भिंतीवर बसून होता.

"थांबली होती," तो म्हणाला. "थांबल्यावरही तुम्ही आला नाहीत. मला वाटलं..."

"थांबल्यावर मी पुढे गेलो."

ओनोरातोने सिगारेट तोंडातून काढली. "कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

त्याने सिगारेट भिंतीवर विझवली. "त्या दिवशी तुम्ही काहीतरी बोलणार होतात," तो खाली बघत म्हणाला. "तुमचं तोंड उघडलेलं मी पाहिलं होतं. म्हणूनच मी ते पुस्तकाचं बोललो. पाय दुखत होते माझे, मास्तर."

कुत्रा येऊन मास्तरांचा ओला बूट हुंगून गेला.

मास्तरांनी शब्दकोशाचा दुसरा खंड काढला. पत्र लिहायला त्यांना चार दिवस लागले. पहिले तीन कागद क्षमा मागण्यातच भरले आणि ते त्यांनी चुलीत घातले, कारण त्यात सुंदर वाक्यं फार होती. चौथा कागद असा होता:

'तुम्ही विचारलं होतं की माणसं परत का गेली. आमच्याकडे घंटा थांबली म्हणजे हरवलेला सापडला, असा अर्थ होतो. हे पत्रकात लिहायला हवं होतं. लिहिणारा मी होतो आणि ते मी लिहिलं नाही. तुम्ही जे केलंत ते कुणीही शहाण्या माणसाने केलं असतं. आवाज ऐकायचा तर गप्प व्हावं लागतं.

'पण एवढंच सांगून थांबलो तर ते अर्धं होईल. परत फिरलेल्या तिघांमध्ये मी होतो. घंटा वाजवणारं माणूस बाहेरचं आहे आणि त्याला आमची खूण माहीत नसणार, हे मला तिथेच, वळण्याआधी कळलं होतं. मी बोललो नाही. सोबतचे हसतील असं वाटलं. तिथून तुमच्यापर्यंत सायकलीवर चार मिनिटं लागतात, पायी दहा. मी आता मोजून आलो आहे. तुमच्या बाजूने काही चुकलं नाही. माझ्या बाजूने चुकलं. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून उत्तर देत नाही, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नव्हतं.'

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, बाल्बिनो यागुए, आणि पत्ता.

निकानोराने ते उभ्यानेच वाचलं. वाचून होईपर्यंत तिने चष्मा दोनदा काढला.

"हे मला कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"मला वाटायचं, तू तिच्यासाठी गप्प आहेस."

"मलाही तसंच वाटायचं."

तिने कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट त्यांच्या हातात दिलं. "टपालवाली उद्या येईल. तिच्याकडे दे."

पण मास्तर स्वतःला ओळखून होते. टपालवाली ओळखीची, तिची गाडी कारंज्याच्या चौकातून वळेपर्यंत 'अगं, ते परत दे जरा' असं म्हणायला त्यांना वेळ मिळाला असता, आणि तिने दिलंही असतं. म्हणून त्यांनी सकाळीच सायकल काढली आणि नऊ किलोमीटर खाली तालुक्याच्या गावी गेले, जिथे औषधाच्या दुकानाशेजारी पिवळी पेटी आहे. बाजाराचा दिवस होता. पेटीपाशी एक बाई कोबीची पिशवी टेकवून उभी होती. "टाकताय का, आजोबा, की नुसतेच बघताय?" तिने विचारलं.

"टाकतोय," मास्तर म्हणाले.

पाकीट फटीत अर्धं गेलं आणि तिथे त्यांची बोटं अडली. बाईने पिशवी उचलली, त्यांना वाट करून दिली. मास्तरांनी बोटं सोडली. आत पाकीट दुसऱ्या पत्रांवर पडल्याचा हलका आवाज आला.